डावा गुडघा आणि इतर संशयित

ही गोष्ट कुणालाही पटणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. मला स्वतःलाच ती पटायला वेळ लागला, आणि मी तर तिथे हजर होतो. पण माझ्यासारख्या माणसाने सांगितलेली गोष्ट पटली नाही, तर दोष गोष्टीचा नसतो. ऐकणाऱ्याच्या कानांचा असतो.

माझ्यासारख्या म्हणजे कशा, ते थोडक्यात सांगतो. मी वजनमापे खात्यातला सेवानिवृत्त निरीक्षक. खात्यात असताना मी दुकानात पाऊल टाकलं की तराजूचा काटा उभा राहायचा आणि दुकानदार आडवा व्हायचा. खोटं माप मी वासावरून ओळखत असे. एकदा तर रस्त्याच्या पलीकडून, पाठमोरा असताना आणि शिंकता शिंकता मी एका मापातली चिमूटभर खोट पकडली होती. त्या दुकानदाराने पुढे धंदा सोडून गाण्याचे वर्ग काढले, आणि सुरातही तो चिमूटभर कमीच भरतो म्हणतात. निवृत्तीनंतर ही बुद्धी घरात पडून गंजू नये म्हणून मी गुप्तहेरगिरीकडे वळलो. तेव्हापासून आमच्या गल्लीत एकही खून झालेला नाही. यावरून माझा दरारा लक्षात यावा. आधीही झालेला नव्हता, हे माझा मेहुणा सांगत सुटतो, पण त्याच्याविषयी पुढे येईलच.

"आजोबा, गोष्ट कधी सुरू होणार?" बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या वायरमनने विचारलं.

आम्ही सलूनमध्ये होतो. माझी नात समोरच्या खुर्चीत होती. म्हणजे खुर्चीच्या दोन्ही हातांवर सलूनवाल्याने फळी आडवी टाकली होती आणि त्या फळीवर ती. वय वर्षं चार, घरात तिला बटण म्हणतात. एकतर नाक तसं आहे, आणि दुसरं म्हणजे जगात जे जे दाबता येतं ते ते दाबून पाहायचं, हा तिचा बाणा आहे. गळ्यापासून पायापर्यंत तिला पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं होतं आणि दोन्ही हात कापडाच्या आत होते. हा तपशील लक्षात ठेवा. मी तो लक्षात घेऊनच गोष्टीला तोंड फोडलं होतं.

"गोष्ट सुरू झालीच आहे," मी वायरमनला म्हणालो. "आधी गुप्तहेराची नजर कशी असते त्याचा नमुना बघा. तुमच्या उजव्या बुटाला चुना लागलाय, केसांत कोळिष्टक आहे, डोळे लाल आहेत. म्हणजे आज सकाळपासून तुम्ही एका जुन्या इमारतीच्या माळ्यावर वायर ओढत होता, आणि मालक चिकट आहे."

"मी झोपेतून उठून आलोय. बूट भावाचे आहेत."

"भाऊ काय करतो?"

"पोहायला शिकवतो."

"मग चुना कुठून आला, हा स्वतंत्र तपासाचा विषय आहे," मी म्हणालो आणि पुढे निघालो.

तर प्रकरण असं. माझा मुलगा जहाजावर नोकरीला. वर्षातला बराचसा काळ पाण्यावर. घरात सूनबाई, ही, मी आणि बटण. वरच्या मजल्यावर हिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा. तो माझा तपासकामातला सहायक आहे, मात्र त्याला हे पूर्णपणे मान्य नाही. आणि शिवाय एक टॅबलेट. मुलगा रविवारी त्या टॅबच्या काचेत येतो, बटणशी बोलतो, मग रेंज जाते, तो तोंड उघडं ठेवून थिजतो आणि त्याच्या नाकासमोर एक गोल गरगरत राहतो. तेव्हापासून कुणी बटणला विचारलं, "बाबा काय करतात गं?" तर ती सांगते, "फिरतात." लोकांना वाटतं, बरोबर आहे, जहाजावरचा माणूस फिरणारच.

बटणच्या लेखी माणसं दोन जातींची. काचेतली आणि काचेबाहेरची. नियम मात्र दोघांना एकच. काचेतला माणूस अडकला की मधोमध दाबायचं. विझला की चार्जरला लावायचा. नको असला की बोटाने बाजूला सरकवायचा. एकदा तिने खिडकीच्या काचेवर बोट फिरवलं आणि समोरच्या गच्चीवरची मांजर खरोखर उठून बाजूला झाली. मी डोळ्यांनी पाहिलं. एकदा तिने मेहुण्याच्या टकलावर दोन बोटं टेकवली आणि चित्र मोठं करतात तशी फाकवली. थोड्याच दिवसांत टक्कल खरंच वाढलं. त्याची आधीची टोपी पुरावा म्हणून माझ्या कपाटात आहे.

"टोपीचा आणि टकलाचा काय संबंध?" वायरमनने विचारलं.

"टोपी लहान पडायला लागली."

"टक्कल वाढलं की टोपी सैल होते, आजोबा."

"तुमच्या भावाचे बूट तुम्हाला बरोबर येतात का? नाही ना? मग ऐका."

न्यायाने बोलायचं तर त्या टॅबमुळे पोर शहाणीही झाली. देवमाशाचं हृदय केवढं असतं ते तिला ठाऊक. तिने मला विचारलं तेव्हा मी "पुरेसं असतं" असं सांगितलं होतं आणि तिने माझी चूक दुरुस्त केली. घोटाळा एकच होता. टॅब समोर असल्याशिवाय ती जेवेना. टॅब असला की तोंड आपोआप उघडायचं, आत काय गेलं याची चौकशी नाही. एकदा हिने नजरचुकीने रिकामा चमचा भरवला, तो तिने छान चावून गिळला. दुसऱ्या दिवशी माझ्या चष्म्याची काडी गेली होती तोंडात, वेळेवर ओढली म्हणून मी आज तुम्हाला पाहू शकतोय.

मग डॉक्टरीणबाईंनी ठणकावलं. जेवताना टॅबलेट अजिबात नाही. जेवल्यावर थोडा वेळ चालेल, तोही घरातलं कुणीतरी शेजारी बसून. मेहुणा तिथे स्वतःच्या रक्तदाबासाठी आला होता. त्याने हे सगळं दाराआडून ऐकलं आणि स्वतःला लावून घेतलं. तेव्हापासून तो रोज जेवल्यावर गोळी हातात घेऊन खाली येतो आणि म्हणतो, "दाजी, जरा शेजारी बसा, टॅबलेट घ्यायचीय."

सूनबाई मला म्हणाल्या, "बाबा, जेवताना तुम्ही तिला गोष्ट सांगाल का? पुढच्या रविवारपर्यंत बघू. नाहीच जमलं तर मग टॅब द्यावा लागेल. मला कामावर पळायचं असतं, मी तासभर घास धरून नाही बसू शकत."

ऐकायला हे साधं वाटतं. पण निवृत्त माणसाचं घरात काम तरी काय असतं ते विचारा. माझ्याकडे एकच खातं उरलं होतं. दाराची बेल वाजली की "कोण आहे?" म्हणणं. ते दारावरच्या नव्या कॅमेऱ्याने काढून घेतलं. शोभेला म्हणून बसून राहावं, तर ते काम माशांची टाकी करते आणि माझ्यापेक्षा बरं करते. आणि अशा वेळी ही नेमणूक चालून आली. रोज संध्याकाळी, नातीसमोर, गोष्ट सांगणारा म्हणून. मी त्या दिवशी दोनदा दाढी केली.

"आठवतंय," सलूनवाला बटणची मान सरळ करत म्हणाला. "एकदा सकाळी आणि एकदा दुपारी. मी म्हटलं होतं, काढायला काही उरलेलं नाही."

संध्याकाळी बटण तिच्या बुटक्या स्टुलावर बसली. मी समोर मांडी ठोकली. ही घास घेऊन तयार. मी घसा साफ केला आणि सुरू केलं, "ही गोष्ट कुणालाही पटणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. खात्यात असताना मी दुकानात पाऊल टाकलं की…"

बटणने बोट पुढे केलं आणि माझ्या डाव्या गुडघ्यावर दाबलं.

मी थांबलो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पुन्हा सुरू केलं, "तर तराजूचा काटा…" पुन्हा बोट, पुन्हा डावा गुडघा. या खेपेला जरा जोरात. मग तिने सुस्कारा टाकला, स्टुलावरून उतरली आणि निघून गेली. घास हिच्या हातात तसाच.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. उजवा गुडघा नाही, खांदा नाही, नाक नाही. डावा गुडघा. वाघाने रोज एकाच झाडाला पाठ घासावी तसं.

मी मेहुण्याला बोलावलं. "गुन्हा घडतोय," मी म्हणालो. "हत्यार बोट. जागा डावा गुडघा. वेळ माझ्या भाषणाच्या ऐन रंगात. हेतू अज्ञात."

"तुम्हाला वात आहे दाजी," मेहुणा म्हणाला. "लहान मुलांना कळतं. भूकंपाआधी कुत्र्यांना कळतं ना, तसं."

हा पहिला धागा. मी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रबरी हातोडीने गुडघ्यावर टक्‌ केलं, माझा पाय उडाला आणि त्यांच्या टेबलावरचा सांगाडा कोपऱ्यात जाऊन बसला. डॉक्टर म्हणाले, "गुडघा उत्तम आहे. फी बाहेर द्या, आणि जाताना सांगाड्यापासून लांबून जा." तरी मी खबरदारी म्हणून गुडघ्याला पट्टी गुंडाळली. संध्याकाळी बटणने पट्टीवरून दाबलं. म्हणजे वात बाद.

दुसरा धागा चोरीचा. माझ्या डाव्या खिशात खोकल्याच्या गोड गोळ्या असतात. चोर आधी जागा चाचपतो, हे तर कुणीही सांगेल. मी गोळ्या उजव्या खिशात हलवल्या आणि डाव्या गुडघ्यावर पावडर शिंपडून बसलो. बटणने दाबलं. पावडरीत बोटाचा ठसा स्वच्छ उमटला. मी भिंगातून तपासला. ठसा बटणचाच होता.

"तिने तुमच्या डोळ्यांसमोर दाबलं होतं ना?" वायरमनने विचारलं.

"डोळे फसवतात. पावडर फसवत नाही."

तिसरा धागा माझ्या स्वतःच्या शास्त्रातला, म्हणून सांगताना अभिमान वाटतो. तराजूचं एक पारडं दाबलं की दुसरं वर जातं. पोर माझा तोल तपासत असली पाहिजे. मी मांडी घालून बसलो आणि मेहुण्याने माझ्या दोन्ही कानांना दोरी लावून गवंड्याची पाणपातळी धरली. बुडबुडा डावीकडे गेला. मला आनंद झाला. मग कळलं की मेहुणा स्वतः एका पायावर उभा होता, कारण दुसऱ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. ही दारातून म्हणाली, "अहो, भाजी चिरून द्यायला एक माणूस हवाय, दोघांपैकी जो कमी शहाणा असेल त्याने यावं." आम्ही दोघंही गेलो नाही. तेवढा अभिमान आम्हाला आहे.

शेवटी मी ठरवलं, सापळा लावायचा. माझ्या जागी मेहुण्याला बसवायचं आणि बोट कुठे पडतं ते पडद्यामागून बघायचं. मेहुण्याला गोष्ट सांगता येत नाही हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो. तो मांडी घालून बसला आणि म्हणाला, "एकदा मी बादली आणायला गेलो."

बटणने घास घेतला.

"दुकानात निळी बादली होती. मला हिरवी हवी होती."

दुसरा घास.

"मग?" बटणने विचारलं.

"मग मी निळीच घेतली."

"मग?"

"मग घरी आलो. मग तिच्यात पाणी भरलं."

वाटी संपली. वर बटण म्हणाली, "अजून एक बादली सांगा ना मामाआजोबा."

मी पडद्यामागे उभा होतो. माझ्या आयुष्यात मी वाघ पाहिलाय, पूर पाहिलाय, खात्याचं ऑडिट पाहिलंय. पण निळी बादली माझ्यापेक्षा सरस ठरताना पाहण्याइतकं कठीण काळीज मला मिळालेलं नाही.

"दाजी, तिने मला एकदाही नाही दाबलं," मेहुणा बाहेर येऊन म्हणाला. त्याच्या आवाजात जे काही होतं त्याला मी विनय म्हणणार नाही.

"तू तिला लाच दिलीस," मी म्हणालो आणि त्याच्या टोपीची झडती घेतली. टोपीत दुसरी टोपी निघाली. तो म्हणाला, एक सैल होते म्हणून आत दुसरी.

"बघा," वायरमन म्हणाला. "सैलच होते."

मी ते ऐकलं नाही. कारण दुसऱ्याच दिवशी प्रकरणाला भयंकर वळण लागलं. दुसरा बळी मिळाला. दारावर पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा एक माणूस आला. सूटबूट, टाय, हातात चकचकीत कागद. दार उघडताच म्हणाला, "नमस्कार, आपण रोज जे पाणी पिता त्यात काय काय असतं याची आपल्याला कल्पना आहे का? आमची कंपनी गेली…" एवढ्यात बटण माझ्या पायांमधून पुढे आली आणि तिने त्याचा डावा गुडघा दाबला. तो माणूस मध्येच थांबला. त्याने बटणकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं, पाठ केलेलं सगळं विसरला आणि चकचकीत कागद माशांच्या टाकीवर ठेवून जिना उतरला. परत आला नाही.

आता एका गुन्ह्यात दोन बळी म्हणजे तपासाला सोन्याचा दिवस. दोघांत समान काय, एवढंच शोधायचं. मी रात्रीचं जेवण सोडून विचार केला. तो तरुण, मी वयस्क. तो उंच, मी भारदस्त. तो यंत्र विकतो, मी काहीच विकत नाही. उरली एकच गोष्ट. मिशी. दोघांनाही मिशी.

सलूनवाल्याची कात्री थांबली. "म्हणजे त्या दिवशी तुम्ही मिशी काढायला आलात ते…"

"तपासासाठी."

"मला म्हणालात, उकडतंय."

"गुप्तता पाळावी लागते."

"तीस-पस्तीस वर्षांची मिशी होती ती," सलूनवाला हळहळत वायरमनला म्हणाला. "मी हात लावायला घाबरत होतो. दोनदा विचारलं, नक्की ना?"

मिशीविना मी घरी आलो. ही म्हणाली, "कोण हवंय आपल्याला?" माशांनीही टाकीत एक गिरकी चुकवली. संध्याकाळी मी बटणसमोर बसलो आणि सुरू केलं, "ही गोष्ट कुणालाही पटणार नाही…" बोट पडलं ते डाव्याच गुडघ्यावर. मिशी फुकट गेली.

आता संशयित एकच राहिला होता. टॅबलेट. माझी नेमणूक गेली तर लाभ कुणाचा? त्याचा. मी त्याला जेवणाच्या टेबलावर उभा केला, दार लावलं आणि त्याच्या तोंडावर टेबललॅम्पचा उजेड मारला. त्याने आपला उजेड माझ्या तोंडावर मारला. अशा रीतीने आम्ही एकमेकांची चौकशी सुरू केली.

"माझ्या नातीला गुडघा दाबायला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

आतून एक गोड बाई बोलली, "गुडघेदुखीवरचे व्यायाम शोधले आहेत."

"विषय बदलू नका. त्या दिवशी दारावर आलेला माणूस तुमच्यापैकी होता का?"

"मला समजलं नाही. पुन्हा सांगाल का?"

"समजलं नाही कसं? सरळ सांगा, तुम्हाला माझी जागा हवी आहे ना?"

"आपल्या जवळपासच्या जागा शोधत आहे," बाई म्हणाली, आणि भाड्याने मिळणाऱ्या खोल्यांचे फोटो दाखवायला लागली. एक खोली खरंच हवेशीर होती. मी ती जरा निरखून पाहिली, कारण घरातली परिस्थिती बघता केव्हा गरज लागेल सांगता येत नव्हतं.

एवढा निर्ढावलेला गुन्हेगार मी खात्यातही पाहिला नव्हता. खोटं मापदेखील चार प्रश्नांनंतर डगमगतं.

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी मुदत संपणार. सूनबाईंनी कपाटातून टॅबचा तो जेवताना उभा करायचा स्टँड काढला आणि फडक्याने पुसायला घेतला. त्या मला काही बोलल्या नाहीत. माणसाने काही बोलू नये आणि स्टँड पुसावा, याहून स्पष्ट नोटीस खात्यातही मला कधी मिळाली नव्हती. तेव्हा मी पलंगाखाली गेलो.

"कुठे?" वायरमनने विचारलं.

"पलंगाखाली."

"रुसून?"

"निरीक्षणासाठी. संशयिताला बेसावध गाठायचं तर जमिनीलगत राहावं लागतं. तिथे एक सूटकेस, एक एकटी चप्पल आणि मी. बाहेरून ही दोनदा म्हणाली, 'अहो, चहा घेताय ना?' मी उत्तर दिलं नाही. तपासात चहा वर्ज्य असतो."

"तुम्ही आत्ता दोन घेतलेत."

"आता प्रकरण निकालात निघालंय."

आणि ते कसं निघालं ते आता ऐका. त्या अंधारात, पाठीला फरशी टोचत असताना, माझ्या बुद्धीने अशी काही उसळी घेतली की डोकं पलंगाच्या पट्टीवर आपटलं. त्या आवाजातून मला सगळं दिसलं. मेहुणा कसा सुरू करतो? "एकदा मी बादली आणायला गेलो." सरळ बादली. तो टायवाला कसा सुरू करतो? आमची कंपनी, आमची कंपनी. आणि मी? मी खात्यात असताना, मी वासावरून, मी पाठमोरा. आता टॅबवर काय होतं ते आठवा. पोर गोष्ट लावते. गोष्टीआधी कोणीतरी टपकतो आणि आपल्या मालाची तारीफ करत सुटतो. त्याला हाकलायचं तर बटण कुठे असतं? खाली, बघणाऱ्याच्या उजव्या कोपऱ्यात. मी बटणसमोर मांडी घालून बसलो, तर तिच्या उजव्या हाताला, खालच्या कोपऱ्यात, माझं काय येतं?

"डावा गुडघा," सलूनवाला हळूच म्हणाला.

"डावा गुडघा. पोर जाहिरात ओलांडत होती."

वायरमनने स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"म्हणजे जाहिरात तुम्ही," तो म्हणाला.

"जाहिरात नेहमी उत्तम मालाचीच करतात," मी म्हणालो. "तर असा तो उलगडा. कुणाचीही मदत न घेता, कुणी एक शब्दही न सुचवता, निव्वळ तर्काच्या बळावर मी तो केला आणि आपल्या पायांनी, ताठ मानेने पलंगाखालून बाहेर आलो. घरच्यांना निकाल ऐकवला. ही थक्क झाली. सूनबाई थक्क झाल्या. मेहुण्याने दोन्ही टोप्या काढल्या. रविवारी मी बटणसमोर बसलो आणि सरळ म्हणालो, 'एकदा एक देवमासा होता.' वाटी संपली. स्टँड कपाटात गेला. आता मुलाचा फोन येतो तेवढा टॅब, आणि जेवल्यावर थोडा वेळ, तेव्हा मी शेजारी असतो. एका बाजूला बटण, दुसऱ्या बाजूला गोळी घेऊन मेहुणा. आणि तेव्हापासून आजतागायत या गुडघ्याला बोट लागलेलं नाही."

"झालं बाळ," सलूनवाला म्हणाला आणि त्याने बटणच्या गळ्यामागची गाठ सोडून कापड झटकलं.

कापडाखालून दोन हात बाहेर आले.

"खोटं," बटण म्हणाली.

"काय खोटं?" वायरमन सरसावून बसला.

"आजोबांनी नाही ओळखलं. आजीनं ओळखलं." ती फळीवरून उतरायला लागली. सलूनवाल्याने तिला धरून खाली ठेवलं. "आजोबा रुसले होते. पलंगाखाली. हाक मारली तरी बोलत नव्हते. फिरत पण नव्हते. नुसते बंद."

"मग गं?"

"मग मी मधे दाबलं. बेंबीवर."

"मग?"

"मग ओरडले. मोठ्यांदा. मग परत बंद."

"बेंबीच्या देठापासून," सलूनवाला आरशात बघत पुटपुटला.

"मग मी चार्जर आणला," बटण म्हणाली.

"चार्जर? लावला कुठे?"

"कानात. पण तो पडत होता. मग मी धरून बसले." तिने हवेत एक हात धरून दाखवला, कोपर दुसऱ्या हाताने सावरून, जसं बराच वेळ धरावं लागलं असेल तसं. "आजी आली, मग ती खूप हसली. म्हणाली, अहो, या बाहेर आता. पोरीला तुम्ही हवे आहात, ती फक्त तुमची जाहिरात दाबते."

"आणि मग आजोबा बाहेर आले?"

"लगेच नाही. थोडे चार्ज झाले, मग आले."

वायरमन माझ्याकडे वळला. सलूनवाला ब्रश हातात घेऊन माझ्याकडे वळला. आरशातले दोघंही वळले.

"त्याचं असं आहे," मी घसा साफ करत म्हणालो, "खात्यात असताना मी एकदा…"

फ्रॉकवरचे केस झटकत ती बाकापाशी आली आणि तिने माझ्या डाव्या गुडघ्यावर बोट ठेवलं.

"देवमासा सांगा," ती म्हणाली.